गाळून टाकलेले आवाज

मित्रांनो, मी एक जुना माईक आहे. गायकांच्या हातात असतो तो गोल डोक्याचा नव्हे. मी वीतभराहून थोडी लांब अशी काळी नळी आहे. मला एका लांब काठीच्या टोकाला बसवतात आणि ती काठी नटांच्या डोक्यावर धरून ठेवतात. तुम्ही टीव्हीवर एखादी मालिका बघता तेव्हा मी तिथेच असतो, चित्राच्या चौकटीच्या बोटभर वर. तुम्ही मला कधी पाहिलेलं नाही. पाहिलं असेल, तर त्या दिवशी काठी धरणाऱ्याला बोलणी बसली असणार.

माझ्या अंगावर दोन्ही बाजूंनी बारीक खाचा आहेत. समोरचा आवाज सरळ माझ्या पडद्यापर्यंत पोचतो. बाजूचा आवाज त्या खाचांतून थोडा थोडा, मागेपुढे होत आत शिरतो. त्याच्या लाटा एकमेकींना खोडतात आणि तो क्षीण होतो. क्षीण होतो, पण नाहीसा होत नाही. लोक हे विसरतात.

माझा जन्म दूरच्या थंड देशातल्या एका कारखान्यात झाला. तिथल्या एका बाईने माझा पडदा ताणून बसवला. तो तुमच्या केसाहूनही पातळ आहे. ते काम करताना ती श्वास रोखून धरायची. मग मला एका विलक्षण खोलीत नेलं. तिच्या भिंती, छत, जमीन सगळं मऊ सुळक्यांनी मढवलेलं होतं. कुठलाही आवाज भिंतीवर आपटून परत येत नव्हता. दार बंद झालं आणि मी आयुष्यात पहिल्यांदा जे ऐकलं, ते म्हणजे काहीच नाही. तेवढी शांतता मला पुन्हा कधी मिळाली नाही, आणि खरं सांगायचं तर मी तिची वाटही पाहिली नाही.

तिथून मी मुंबईला आलो. नऊ वर्षं जाहिराती आणि माहितीपट केले. माझ्यात आवाज किती स्वच्छ येतो याचं कौतुक व्हायचं. मग नवे माईक आले आणि मी एका कपाटात गेलो. दोन पावसाळे कुणी माझी पेटी उघडली नाही. आतल्या स्पंजला बुरशी आली. तार जोडलेली नसली तरी मला ऐकू येतं, फक्त ते कुणाला सांगता येत नाही. त्या दोन वर्षांत मी कपाटाच्या दाराला वाळवी लागलेली ऐकली.

एका दिवशी पेटी उघडली आणि एका मुलीचा आवाज आला, "हा चालतो का? मग मला हाच द्या."

ती रुपाली. रत्नागिरीची, मांडवीच्या कोळी घरातली. विज्ञान शाखेची पदवी घेऊन ती ध्वनिमुद्रण शिकायला मुंबईला गेली होती आणि आता परत घरी निघाली होती. मांडवीजवळच्या एका दुमजली घरात नवी विनोदी मालिका सुरू होणार होती, तिचा आवाज सांभाळायचं काम तिला मिळालं होतं. काठी धरायचीही तीच आणि कानाला हेडफोन लावून ऐकायचंही तिनेच. वल्ह्याची सवय असलेल्या घरातले हात ते. दहा-दहा मिनिटं काठी डोक्यावर धरूनही थरथरायचे नाहीत.

समुद्राकाठची खारी, ओली हवा माझ्यासारख्याची वैरीण. रुपाली रोज काम संपलं की मला मऊ कापडाने पुसायची आणि ओल शोषणाऱ्या खड्यांच्या पुडीबरोबर पेटीत ठेवायची. ते खडे कोरडे असले की निळे दिसतात आणि ओल पिऊन गुलाबी होतात. गुलाबी झाले की ती ते घरी तव्यावर मंद आचेवर परतायची. तिची आई म्हणायची, "काय गो, माईकाला पण फोडणी लागते काय?"

वारा अडवायला मला एक केसाळ कवच घालायचे. ते घातलं की सगळे मला 'बोका' म्हणायचे. मला ते नाव आवडायचं.

मालिकेचं नाव होतं 'चार खोल्या, एक न्हाणी'. भाई नावाचा एक गृहस्थ आपल्या घराच्या वरच्या मजल्यावर पर्यटकांना खोल्या देतो. खोल्या चार आणि न्हाणी एकच, त्यामुळे रोज नवा घोळ होतो. भाईंचं काम रावजी शिवलकर करायचे. रावजीकाका इथलेच, साठीच्या जवळचे. आधी एसटीच्या आगारात नोकरी केलेली आणि आयुष्यभर गावच्या नाटकांत वावरलेले.

मित्रांनो, रावजीकाकांसारखा माणूस मी दुसरा ऐकला नाही. त्यांची गंमत शब्दांत नसायची, शब्दांच्या आधी असायची. वरून पाहुणा ओरडतो, "गरम पाणी कुठे आहे?" भाई जिना चढतात. वरच्या पायरीवर थांबतात. नाकाने श्वास घेतात. पाहुण्याकडे बघत राहतात. आणि मग शांतपणे म्हणतात, "पावणेआठपर्यंत इथंच होतं."

त्या थांबण्यावर महाराष्ट्र हसायचा. वर्तमानपत्रांत लेख यायचे की हा विराम म्हणजे मोठी कला आहे. साऱ्या मालिकेची घडी त्या विरामावर बसली होती. भाईंच्या बायकोचं काम करणारी तेजस्वी खाली उभी राहून मनात दोन आकडे मोजायची आणि मगच "सापडलं का?" म्हणून हाक मारायची. कॅमेरा त्या पायरीवर थांबायचा. रुपालीची काठी थांबायची आणि काठीबरोबर मी.

सेटवर एक नियम होता. टेक चालू असताना कुणी हसलं आणि ते माझ्यात आलं, तर त्याने सगळ्या युनिटला कांदाभजी द्यायची. सुरुवातीच्या महिन्यात एवढी भजी झाली की लोकांना पित्त झालं. मग सगळे हसू गिळायला शिकले. लाइट सांभाळणारा बाबल्या गळ्यातल्या टॉवेलचं टोक तोंडात कोंबायचा. दिग्दर्शिका दर्शनाताई पेन्सिल चावायच्या. तेजस्वी बांगड्या घट्ट धरायची, तरी त्या किणकिणायच्याच.

ते सगळं मला बाजूने ऐकू यायचं. रुपालीलाही यायचं. संध्याकाळी ती संगणकासमोर बसून एकेक आवाज शोधायची आणि गाळून टाकायची. पंख्याची घरघर, बोटीच्या इंजिनाचा ठोका, बाबल्याच्या नाकातला फुरर्, आणि जिना चढल्यावर रावजीकाकांच्या श्वासात येणारी एक बारीक शिट्टी. तिच्या वहीत ती लिहायची, 'श्वास, शिट्टी, काढली.' पहिल्या वर्षी तो विराम दीड सेकंदाचा होता. सातव्या वर्षी तो अडीचच्या वर गेला. मी मोजत होतो. पण मोजणं आणि समजणं या वेगळ्या गोष्टी आहेत. विराम लांबला तसं लोक म्हणाले, काका दिवसेंदिवस थोर होत चाललेत.

एका सकाळी ते पाचव्याच पायरीवर बसले. "जरा बसतो," एवढंच म्हणाले. नंतर कळलं, त्यांच्या हृदयाची एक झडप नीट मिटत नव्हती. शस्त्रक्रिया झाली. ते बरे झाले, पण बारा-बारा तासांचं चित्रीकरण डॉक्टरांनी बंद केलं.

मालिकाही तिथेच बंद पडायची वेळ आली. वाहिनीवाल्यांनी सांगितलं, नवा भाई आणा, बारा भाग बघतो, नाही जमलं तर थांबवू. पन्नास माणसांचं काम त्या बारा भागांवर टांगलं होतं.

दर्शनाताईंनी पुष्कळ नट पाहिले. एकही पटेना. शेवटी त्या रुपालीला आणि मला घेऊन देवरुखच्या पलीकडे डोंगरातल्या एका गावात नमन, म्हणजे कोकणातला लोकनाट्याचा खेळ, बघायला गेल्या. तिथे गौळणीतल्या मावशीचं सोंग एका माणसाने घेतलं होतं. नऊवारी, नाकात नथ, आणि चाल अशी की नुसती चाल बघून पोरं लोळायची. त्याचं नाव विठू पाष्टे. एरवी तो टेम्पो चालवायचा.

मी त्याचं बारकाईने ऐकलं. तो एक वाक्य टाकायचा आणि लोकांचं हसू वर चढू द्यायचा. ते चढलं, टोकाला पोचलं, उतरायला लागलं, साधारण तिसरा हिस्सा उरलं, की नेमकं तेव्हा पुढचं वाक्य. एकदाही चुकला नाही. त्याला कुणी हे शिकवलं नव्हतं. समुद्रात पोहणाऱ्याला लाट कळते तसं त्याला हसू कळत होतं.

खेळ संपल्यावर दर्शनाताईंनी विचारलं, "टीव्हीवर येणार का?"

विठूने नथ काढत म्हटलं, "बाय म्हणून की बुवा म्हणून?"

तो आला. टेम्पो त्याने धाकट्या भावाला चालवायला दिला आणि गावाला सांगून आला की आता भाई मीच.

आणि पहिल्याच दिवसापासून सगळं बिनसलं.

विठू डोंगरातला गडी. तो जिना दोन-दोन पायऱ्या घेत चढायचा. रुपालीची काठी सात वर्षांच्या सवयीने वरच्या पायरीवर थांबायची आणि तोवर विठू माझ्याखालून पार झालेला असायचा. त्याचं पहिलं वाक्य मी पाठीकडून ऐकायचो. कॅमेऱ्यात रिकामी पायरी यायची. तेजस्वी दोन आकडे मोजून हाक मारायची, तर वरचा प्रसंग संपलेला असायचा. दर्शनाताई म्हणाल्या, "विठू, वरती जरा थांबा ना. रावजीकाका थांबायचे तसे."

विठू थांबला. नाकाने श्वास घेतला. बघत राहिला. पण मित्रांनो, ते थांबणं रिकाम्या भांड्यासारखं वाजत होतं.

कुंपणाबाहेर मासळीची पाटी उतरवून शकूमावशी चित्रीकरण बघत उभी असायची. शेजारचीच ती. एकदा तिने सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "गो रुपाली, ह्यो नवीन भाई जिन्यावर जाऊन रोज काय विसरतो गो?"

विठूने ते ऐकलं. त्याचा चेहरा उतरला.

त्याहून वाईट होती ती शांतता. नमनात शेकडो माणसं समोर असतात. इथे पन्नास माणसं दगडासारखी उभी. कुणी हसत नाही. कट म्हटलं की लगेच पुढची तयारी, कारण मासेमारीच्या बोटी परतून त्यांच्या इंजिनांचा आवाज सुरू व्हायच्या आत काम उरकायचं असतं. टेकमध्ये हसायचं नाही हा नियम विठूला पहिल्या दिवशी सांगितला होता. पण हसू येत असूनही गिळायचं असतं, हे कुणी सांगितलं नाही. ते सगळ्यांच्या इतकं अंगवळणी पडलं होतं की सांगायचं असतं हेच कुणाला सुचलं नाही. विठूला वाटलं, यांना हसू येतच नाही. मग तो घाई करायला लागला. वाक्यावर वाक्य. आणि मधेच आठवण झाली की रावजीकाकांसारखं थांबायचा.

सहा भाग दाखवून झाले. लोकांनी लिहिलं, 'जुने भाई परत आणा.' हजारोंनी लिहिलं. विठू ते फोनवर वाचायचा, एकटा, गच्चीच्या जिन्यात बसून.

त्या दुपारी जेवणाची सुट्टी झाली. रुपालीने काठी भिंतीला टेकवली, पण माझी तार काढायची राहिली. ती थोडी दूर डबा उघडून बसली होती आणि हेडफोन गळ्यात होते. विठू आणि तेजस्वी माझ्यासमोर येऊन बसले.

"वहिनी, मी आज संध्याकाळी सांगणार हाय," विठू म्हणाला. सेटवर तो तिला वहिनीच म्हणायचा. "उद्यापासून येत नाय. तुम्ही दुसरा भाई बगा."

"दुसरा कुठला? सहाच भाग उरलेत. आता दुसरा म्हणजे मालिका बंद."

"ती तशीबी बंदच होणार. माझ्यामुळं झाली असं नको. गावात तोंड कसं दाखवू हे बगतो आदी."

"अहो, चांगलं करता तुम्ही."

"चांगलं करतो तर एक माणूस हसत नाय? मयताच्या घरी गेलो तरी माझ्यावर दोघं-तिघं हसतात."

तेजस्वी हसली. तिला वाटलं, तो गंमतच करतोय.

रुपालीच्या गळ्यातल्या हेडफोनमधून हे सगळं बारीक आवाजात येत होतं. तिने डबा बंद केला. ती उठून आली. तिला फार बोलायची सवय नाही. तिने विठूच्या डोक्यावर सरळ हेडफोनच चढवले.

"विठूदादा, सकाळचा टेक ऐका. तुमचं बोलणं ऐकू नका. त्याच्या मागचं ऐका."

तिने आवाज वाढवला. सकाळी विठूने बादलीचा प्रसंग केला होता. पाहुणा गरम पाणी कुठे विचारतो, तेव्हा विठूने रिकामी बादली उलटी करून तिच्या खाली पाहिलं होतं. हे लिहिलेलं नव्हतं, त्याने आपोआप केलं होतं. आणि लगेच पुढचं वाक्य टाकलं होतं.

विठू ऐकू लागला. त्याच्या कपाळावर आठी पडली.

"हे फुरर् काय?"

"बाबल्या. टॉवेल तोंडात कोंबलाय."

"आणि हे कटकट?"

"दर्शनाताईंची पेन्सिल. दोन तुकडे झाले. नंतर माझ्याकडे मागत होत्या."

"आणि बांगड्या?"

तेजस्वी म्हणाली, "त्या माझ्या. भजी चुकवायची म्हणून मी इतक्या घट्ट धरल्या की एक फुटली." तिने मनगट दाखवलं. तिथे लाल ओरखडा होता.

विठूने तो ओरखडा पाहिला. मग म्हणाला, "मंग हे मला सांगणार कधी? शिमग्याला?"

"आमचं चुकलं," रुपाली म्हणाली. "मी तर हे रोज ऐकते आणि रोज पुसते. पण अजून एक बघा." तिने तोच टेक पुन्हा लावला. "ते कुठे हसतात ते ऐका. बादली उलटी केलीत तिथे. आणि तिथे तुम्ही बोलताय. जिन्यावर तुम्ही थांबताय, तिथे कुणीच हसत नाही. हसण्यावरून तुम्ही टेम्पो नेताय दादा, आणि मोकळ्या रस्त्यावर ब्रेक मारताय."

विठू हसला. त्या घरात मी ऐकलेलं त्याचं ते पहिलं हसू.

"मंग रावजीकाका थांबायचे तिथं हसायचे ना लोक? लावा त्यांचं. ऐकतो."

रुपालीने जुना टेक शोधला. गाळण्याआधीचा, मूळ. विठूने डोळे मिटले. रावजीकाका जिना चढले, थांबले. विठूने डोळे उघडले.

"ताई, ही शिट्टी कसली?"

"कुठली?"

"श्वासात. आमच्या वाडीत एक म्हातारा होता, चढणीला असाच वाजायचा. ह्यांना दम लागलाय."

रुपालीचा हात बटणावर तसाच राहिला. तिने तो टेक पुन्हा लावला. मग त्याआधीच्या वर्षीचा. मग त्याच्याही आधीचा. तिच्या वहीत सात वर्षं लिहिलेलं होतं: 'श्वास, शिट्टी, काढली.' मला तिचा श्वास ऐकू येत होता, तोही नीट नव्हता.

काम संपल्यावर ती दोघं रावजीकाकांकडे गेली. मी रुपालीच्या खांद्यावरच्या पिशवीत होतो. काका अंगणात खुर्चीवर बसून लसूण सोलत होते.

"ये गो पोरी. आणि हा कोण? माझी सवत काय?"

विठू वाकून पाया पडला. "काका, तुम्ही जिन्यावर थांबायचात ते कसं जमवायचं, एवढं शिकवा."

"कसलं जमवायचं?" काका म्हणाले. "दम लागायचा म्हणून थांबायचो रे. बोलता येत नसे. दिसायला बरं दिसावं म्हणून त्या पाहुण्याकडे बघत राहायचो. लोक म्हणाले कला. मी म्हटलं, असेल. आपण कशाला नाय म्हणा."

सहा भाग विठू एका आजाराची नक्कल करत होता.

काका पुढे म्हणाले, "आता झडप नवी बसलीय. आता मी मधे थांबतच नाय. बायको वैतागलीय."

रुपाली मात्र हसली नाही. "काका, मला ऐकू येत होतं. सात वर्षं. मी ते साफ करत होते."

काकांनी लसणाची पाकळी खाली ठेवली. "गो, तुला ऐकू आलं. मला तर आतून कळत होतं. मी तरी कुठे कुणाला सांगितलं? लोक टाळ्या देत होते, मला बरं वाटत होतं." मग थोडं थांबून, या वेळी दम लागला नसताना थांबून, म्हणाले, "पुढच्या वेळी कुणाचं ऐकू आलं तर पुसायच्या आधी विचार म्हणजे झालं."

मग विठूकडे वळले. "आणि तू. तुला दम लागतो?"

"नाय."

"मग धावत चढ ना मेल्या!"

दुसऱ्या दिवशी विठूने दर्शनाताईंना एकच गोष्ट मागितली. टेकच्या आधी एक तालीम, आणि तालमीत ज्याला हसायचं त्याने पोटभर हसायचं. दर्शनाताई म्हणाल्या, वेळ कुठे आहे, बोटी येतील. रुपाली म्हणाली, "बोटीचं मी बघते. माझे वडील आणि काकाच आहेत त्या बोटींवर." ती फार क्वचित असं काही बोलते, म्हणून दर्शनाताईंनी मान डोलावली.

कुंपणाचं फाटक उघडलं. मासळी विकून परतलेल्या बायका ओसरीवर येऊन बसल्या, शकूमावशी सगळ्यांच्या पुढे. रावजीकाकाही आले, खुर्ची घेऊन. त्यांना बघून विठूने बादली दोनदा जागेवर ठेवून पाहिली.

प्रसंग तोच लावला, बादलीचा. विठूने जिना तीन उड्यांत संपवला. रुपालीची काठी या वेळी त्याच्या पुढे निघाली होती. तिने आदल्या संध्याकाळी घरी रिकाम्या काठीने सराव केला होता. पाहुण्याने विचारलं, "गरम पाणी कुठे आहे?" विठूने बादली उलटी केली. खाली पाहिलं. आणि थांबला.

ओसरीवर शकूमावशीने पहिला हुंदका दिला, हसण्याचा. मग बाबल्या सुटला, टॉवेलशिवाय. मग सगळे. हसू वर चढलं. विठूने बादली हलवून पाहिली. हसू आणखी चढलं. ते उतरायला लागलं, तिसरा हिस्सा उरलं, आणि तेव्हा तो म्हणाला, "पावणेआठपर्यंत इथंच होतं."

सगळ्यांत मोठ्याने हसणारे रावजीकाका होते. ते हसले आणि त्यांच्या श्वासात शिट्टी नव्हती. मी नीट ऐकलं.

मग टेक झाला. सगळे पुन्हा दगडासारखे उभे राहिले. पण आता विठूला ठाऊक होतं की कुठल्या दगडाच्या पोटात काय चाललंय. हसू कुठे येणार ते त्याने तालमीत ऐकून ठेवलं होतं आणि त्या शांततेत त्याने तेवढी जागा बरोबर सोडली. तेजस्वीने आकडे मोजणं सोडून दिलं. ती आता विठूकडे बघून हाक मारायची. लिहिणाऱ्यांनीही जिन्यावरचे विराम काढले आणि बादल्या, तांबे, कड्या घातल्या. महिन्याभरात मालिका हळूहळू विठूच्या चालीने चालायला लागली.

बारावा भाग दाखवून झाल्यावर वाहिनीकडून फोन आला. दर्शनाताईंनी तो ओसरीवरच घेतला. फोन ठेवून त्या एवढंच म्हणाल्या, "चालू ठेवा म्हणतात." विठूने गावी फोन लावला. पलीकडून धाकटा भाऊ काहीतरी बोलला. विठू म्हणाला, "नाय, टेम्पो तूच ठेव."

मित्रांनो, आता मी खरोखर म्हातारा झालो आहे. एवढं जपूनही खाऱ्या हवेने माझ्या आतल्या जोडांवर काम केलंच. माझ्यात एक बारीक खरखर येते. टेकसाठी रुपालीने नवा माईक घेतला आहे. त्याचे कान माझ्याहून तरुण आहेत आणि मला त्याचा राग नाही. मला वाटलं होतं आता पुन्हा कपाट. पण रुपालीने तालमीसाठी मला एका छोट्या तिकाटण्यावर बसवलं आणि माझं तोंड फिरवलं. सारं आयुष्य मी बोलणाऱ्यांकडे बघत आलो. आता मी ओसरीकडे तोंड करून असतो, हसणाऱ्यांकडे. तालीम झाली की विठू हेडफोन लावून माझं ऐकतो आणि मगच टेकला जातो.

माझं तुमच्याकडे थोडंसं मागणं आहे. माईक दिसला की त्यावर टकटक करू नका, फुंकरही मारू नका, आमचे पडदे फार नाजूक असतात. आम्हाला कोरड्या जागी ठेवा आणि जुने झालो तरी अधूनमधून पेटी उघडून बघा. आणि तुमच्या वर्गात, तुमच्या गल्लीत, तुमच्या घरी एखाद्याने जुन्या माणसाचं काम नव्याने हातात घेतलं असेल आणि ते तुम्हाला आवडत असेल, तर ते आवडणं गिळून टाकू नका. त्याच्यापर्यंत पोचेल एवढ्या मोठ्याने सांगा. बाजूला कुणी गुपचूप खूश झालेलं माणसांना ऐकू येत नाही. ते फक्त मला येतं, आणि मी प्रत्येकाजवळ असू शकत नाही.